जयवंत दळवींनी 'ठणठणपाळ' या नावाने काय लिहिलं? ते आज वाचण्यासारखं आहे का?

आहे. 'निवडक ठणठणपाळ'पासून सुरुवात करा. केशवराव कोठावळ्यांनी १९६४ साली 'ललित' मासिक काढलं, त्यातल्या 'घटका गेली पळे गेली' या सदरातले हे लेख. लेखक, समीक्षक, प्रकाशक, संमेलनं, सत्कार, कोणालाच सोडलेलं नाही. 'चक्र' ही कादंबरी किंवा 'संध्याछाया' हे नाटक वाचून दळवींकडे आला असाल तर हा माणूस वेगळाच वाटेल.

दळवी वाढले कोकणातल्या आरवलीत, पण जन्म गोव्यातल्या आमच्या बार्देशातल्या हडफड्याचा, १९२५चा. म्हणून आमच्या घरी त्यांचा अभिमान जरा जास्तच. माझे वडील म्हापशात शिक्षक होते. पोस्टाने 'ललित' आलं की आधी ठणठणपाळ उघडायचे आणि रात्री जेवणं झाली की बलकांवावर, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर बसून मोठ्याने वाचायचे. आई हातातलं काम टाकून दाराशी येऊन उभी राहायची. एका चवथीला, म्हणजे गणपतीत, आमचे आतोबा आले होते. मराठीचे नावाजलेले मास्तर, त्यांच्या शब्दाला घरात वजन. गणपतीवर फळं-पानं बांधून टांगलेल्या माटोळीखाली बसून सगळ्यांसमोर म्हणाले, "टोपणनावाआडून दगड मारायचे हा भ्याडपणा. हिंमत असेल तर स्वतःच्या नावाने लिहावं. आणि तू हे पोरांना वाचून दाखवतोस?" वडील घरी आलेल्या पाहुण्याला उलट बोलणारे नव्हते. त्यानंतर आतोबा यायचे असले की 'ललित'चे अंक कपाटात जायचे. मला त्याचा राग आजही येतो.

दळवी तेव्हा स्वतः कथा-कादंबऱ्या लिहीत होते. लेखक-प्रकाशकांत रोजची ऊठबस. स्वतःच्या नावाने लिहिलं असतं तर प्रत्येक चिमट्यामागे लोकांनी हेवा शोधला असता, आणि काय म्हटलंय ते बाजूलाच राहिलं असतं. टोपणनाव घेतल्यामुळे थोरामोठ्यांना आणि नवख्यांना एकच माप लावता आलं. शिवाय पुढाऱ्याने केलेल्या बलात्कारावर 'पुरुष'सारखं नाटक ज्याने उघड आपल्या नावाने लिहिलं, त्याला भ्याड कसं म्हणायचं? साहित्यिकांची थट्टा केली की साहित्याचा अपमान होतो असं मानणाऱ्यांनी मराठीचं नुकसानच केलंय, मग ते कितीही मोठे मास्तर असोत.

एक मात्र आहे. त्यातली बरीचशी नावं आजच्या तरुण वाचकाला माहीत नसणार, त्यामुळे काही चिमटे बसायचे नाहीत. साठ-सत्तरच्या दशकातल्या मराठी साहित्याशी ओळख नसेल तर आधी 'सारे प्रवासी घडीचे' वाचा. ते दळवींच्याच नावावर आहे, पण माणसांकडे बघायची नजर तीच. तुम्ही पणजीचे असाल, तर दुकानात पुस्तक मिळालं नाही तरी पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात विचारून बघा. आणि जुन्या 'ललित'चे अंक कोणी रद्दीत काढत असेल तर ते आधी घरी आणा, वाचायचं नंतर बघू.