ऊसतोडीला जाणाऱ्यांची मुलं शाळेत टिकावीत म्हणून गावाने काय करावं?
दसऱ्याआधीच बैठक घ्या. मजुरांची टोळी एकदा मुकादमाच्या (मजूर जमवणाऱ्या ठेकेदाराच्या) ट्रकमध्ये बसली की बोलून उपयोग नाही. बीडकडे बरीच मुलं कंटाळून शाळा सोडत नाहीत, मागे सांभाळायला कुणी नसतं म्हणून आईबापांबरोबर उसाच्या फडावर जातात. पोर आजीकडे राहिलं आणि हंगामी वसतिगृहात (ऊसतोडीच्या हंगामापुरती गावातच होणारी सोय) दोन वेळचं जेवण मिळालं, तर ते टिकतं. या वसतिगृहाची मागणी शाळा व्यवस्थापन समितीने ठराव करून वेळेत पाठवायची. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार तिच्यात ७५ टक्के पालक असतात (बऱ्याच गावांत मात्र सहीपुरतेच!). मुलींचं वेगळं: धाकट्याला सांभाळायला थोरलीला नेतात. धाकटंही गावातच कुणी ठेवून घेतलं, तर तिचीही शाळा चालू राहते. हे शेजारच्या बायकांशी बोलूनच जमेल.