घराची किंमत: पावतीवरची, दस्तातली आणि बँकेची

प्रश्न: घरपट्टीच्या पावतीवर घराचं मूल्य अगदीच कमी दिसतं. पावती अजून दिवंगत आईच्या नावावर आहे. विकताना अडेल का? (डिचोली)

उत्तर: मूल्यामुळे अडणार नाही. ते कर आकारण्यापुरतं असतं, बाजारभाव त्यातून कळत नाही. नोंदीतलं क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार आणि वापर तेवढा तपासा. पाडलेला गोठा वर्षानुवर्षं कागदावर उभाच असतो, ओसरीतलं दुकान बंद झालं तरी आकारणी दुकानाचीच चालू राहते. नकाशा आणि फोटो जोडून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. नव्या आकारणीची नोटीस आली तर हरकत तिच्यातल्या मुदतीतच नोंदवा.

अडेल ते नावामुळे. घरपट्टीची पावती हा मालकीचा पुरावा नव्हे. पोर्तुगीज काळातल्या मॅट्रिझचीही तीच गत, ती मुळात करासाठीची नोंद. खरेदीदाराचा वकील एक-चौदाचा उतारा (गोव्यातली जमिनीच्या हक्कांची नोंद) आणि वारस ठरवणारा दस्त किंवा इन्व्हेंटरीचा (वारसांत मालमत्ता वाटून देणाऱ्या न्यायालयीन प्रक्रियेचा) आदेश मागेल. आधी ते काम करा, पावतीवरचं नाव मागाहून बदलता येतं.

प्रश्न: सौदा ७० लाखांचा आहे. खरेदीदार म्हणतो, दस्तात ६० लाख लिहू, बाकीचे रोख देतो. सब-रजिस्ट्रारकडे मूल्य ७० लाखच धरलं जाईल असं कळलं. आम्ही दोघं नवरा-बायको इथलेच. घर वडिलांनी १९८५ मध्ये बांधलं, नंतर माझ्याकडे आलं. (फोंडा)

उत्तर: मुळीच करू नका. रोखीचा व्यवहार बेकायदा आहेच, शिवाय हिशेबातही तुम्हीच फसाल. मुद्रांक शुल्कासाठी धरलेलं मूल्य दस्तातल्या किमतीच्या ११० टक्क्यांपेक्षा जास्त असेल, तर भांडवली नफा त्या मूल्यावर मोजतात. ६० लाखांचे ११० टक्के म्हणजे ६६ लाख. मूल्य ७० लाख, म्हणजे कर ७० लाखांवरच. सौदा खरोखरच ६० लाखांचा आणि मूल्य ६५ लाख असतं, तर ६० लाख चालले असते. खरेदीदारही सुटत नाही: १० लाखांचा फरक त्याचं उत्पन्न धरला जातो. सौदा खरोखरच कमी किमतीत होत असेल आणि सरकारी मूल्य अवाजवी वाटत असेल, तर आयकर अधिकाऱ्याकडे प्रकरण मूल्यांकन अधिकाऱ्याकडे पाठवण्याची मागणी करता येते.

आता नफा. घर १ एप्रिल २००१ पूर्वीचं असल्याने मूळ खर्चाऐवजी त्या दिवसाचं वाजवी मूल्य धरता येतं, मात्र त्या दिवशीच्या मुद्रांक मूल्यापेक्षा जास्त नाही. नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा अहवाल घ्या. समजा ते ८ लाख आलं आणि विक्री २०२५-२६ मध्ये झाली. महागाई निर्देशांक (जुना खर्च महागाईनुसार वाढवून धरण्याचा सरकारी आकडा) न लावता नफा ६२ लाख, १२.५ टक्क्यांनी कर ७.७५ लाख. निर्देशांक (२००१-०२ चा १०० धरून ३७६) लावल्यास खर्च ३०.०८ लाख, नफा ३९.९२ लाख आणि २० टक्क्यांनी कर ७.९८ लाख. इथे पहिला मार्ग स्वस्त. २००१ चं मूल्य थोडं जास्त निघालं तर दुसरा स्वस्त पडतो, म्हणून दोन्ही करून बघा. ही निवड निवासी व्यक्ती आणि हिंदू अविभक्त कुटुंबांनाच आहे. अधिभार आणि उपकर वेगळे.

गोव्यातली खास बाब: मालमत्तेच्या समाईकीत (इथल्या कायद्याने मालमत्ता दोघांची मिळून) असलेल्या जोडप्याचा भांडवली नफा पती-पत्नीत निम्मा-निम्मा वाटून दोघांच्या विवरणपत्रांत दाखवावा लागतो. सह्याही दोघांच्या लागतात. ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीच्या सौद्यात खरेदीदार १ टक्का कर कापतो, तोही किंमत आणि मुद्रांक मूल्य यांतल्या मोठ्या रकमेवर. तुमच्याकडे तो ७०,००० होईल. दोघांच्या पॅनवर ३५,००० प्रमाणे वेगळा भरायला सांगा, नाहीतर एकाच्या खात्यात सगळा कर दिसतो आणि दुसऱ्याला नोटीस येते. विक्रेता परदेशी स्थायिक असेल तर हा १ टक्क्याचा नियम लागत नाही, कपात बरीच मोठी असते.

प्रश्न: ७० लाखांच्या घराला बँक कर्ज कमी का देते? (म्हापसा)

उत्तर: बँक स्वतःच्या मूल्यांकनकाराचा आकडा धरते. तो ६२ लाख म्हणाला, तर ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला असलेल्या ८० टक्क्यांच्या मर्यादेने ४९.६ लाखच मिळतात. मंजूर नकाशाबाहेरची खोली तो मोजत नाही. भोगवटा प्रमाणपत्र नसेल किंवा वाट दुसऱ्याच्या जमिनीतून जात असेल, तर मूल्य घटतं. मुद्रांक आणि नोंदणीचा खर्चही बहुतेक स्वतःच करावा लागतो, म्हणून बयाणा देण्याआधी बँकेचं मूल्यांकन करून घ्या.