पुण्याच्या समाविष्ट गावांतले घर आणि इतर शंका : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे पुणे आणि परिसरातील घरखरेदीविषयी आहेत. त्यांतील चार प्रश्न निवडून त्यांना येथे उत्तरे देत आहोत. पहिला प्रश्न अनेकांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारला असल्याने त्याचे उत्तर सविस्तर दिले आहे.

प्रश्न : आम्ही वाघोलीत बांधकाम सुरू असलेल्या प्रकल्पात दोन बेडरूमची सदनिका पाहिली आहे. गाव आता महापालिकेत असल्यामुळे ताबा मिळेपर्यंत महापालिकेचे पाणी येईलच, असे विक्री कार्यालयात सांगितले जाते. यावर विश्वास ठेवावा का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : तोंडी आश्वासनावर ठेवू नये. पुणे महापालिकेत 2017 साली 11 गावे आणि जून 2021 मध्ये वाघोलीसह 23 गावे समाविष्ट झाली, आणि त्यामुळे क्षेत्रफळाच्या दृष्टीने ती राज्यातील सर्वांत मोठी महापालिका ठरली. परंतु हद्द एका अधिसूचनेने वाढते. जलवाहिन्या, साठवण टाक्या आणि सांडपाण्याच्या वाहिन्या यायला वर्षे लागतात. शिवाय 2021 च्या समावेशानंतर या 23 गावांच्या नियोजनाचे अधिकार शासनाने पीएमआरडीएकडे (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे) सोपवले होते. त्यामुळे अनेक प्रकल्पांच्या बांधकाम परवानगीवर एका संस्थेची मोहोर आहे आणि पाणी देण्याची अपेक्षा मात्र दुसऱ्या संस्थेकडून आहे. या दोहोंमधली पोकळी शेवटी रहिवाशांनाच टँकरचे पैसे मोजून भरून काढावी लागते, आणि हे आम्हांला अत्यंत अन्यायकारक वाटते.

पाण्याचा मूळ हिशेबही ध्यानात घ्यावा. पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला या चार धरणांची मिळून साठवण क्षमता सुमारे 29 टीएमसी (अब्ज घनफूट) आहे आणि त्या पाण्यावर शहराबरोबरच हवेली, दौंड, इंदापूर या तालुक्यांतील शेतीचाही हक्क आहे. नगर रस्त्याकडील पूर्व भागासाठी भामा आसखेड धरणाचे पाणी जानेवारी 2021 पासून मिळू लागले, तरी त्या दिशेला वस्ती ज्या वेगाने वाढते आहे, तो वेग वाहिन्यांच्या कामाला गाठता आलेला नाही.

महापालिकेचे पाणी मिळेपर्यंत आपण स्वखर्चाने पाणीपुरवठा करू, असे हमीपत्र बांधकाम व्यावसायिकाकडून परवानगीच्या वेळी घेतले जाते. आपण नेमके हेच हमीपत्र मागावे. त्याची प्रत मिळाली, तर त्यातील जबाबदारी विक्री करारनाम्यात कलम म्हणून लिहून घ्यावी आणि ती सोसायटी स्थापन झाल्यावर आपोआप संपते का, हे वकिलाकडून तपासून घ्यावे. अनेक ठिकाणी ताबा दिल्यानंतर एक-दोन वर्षांतच टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये मिसळला जातो आणि रहिवाशांना ते फार उशिरा कळते.

खर्चाचा अंदाज आपल्याला स्वतःला बांधता येईल. दोनशे सदनिकांच्या सोसायटीत घरटी चार माणसे धरली आणि दरडोई 135 लिटर हे प्रचलित प्रमाण मानले, तर रोज 1 लाख 8 हजार लिटर पाणी लागते. म्हणजे 10 हजार लिटरचे जवळजवळ 11 टँकर दररोज. कूपनलिकेतून यातील काही भाग भागेल, पण उन्हाळ्यात कूपनलिकाही आटतात. त्या परिसरात टँकरचा सध्याचा दर काय आहे हे शेजारच्या सोसायटीच्या सचिवांना विचारावे, वर्षाची बेरीज करून ती दोनशेने भागावी आणि येणारा आकडा गृहकर्जाच्या हप्त्यात मिळवून मगच घर परवडते का ते ठरवावे. विक्री कार्यालयात दिल्या जाणाऱ्या कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा शेजारच्या सोसायटीतला मार्च ते मे या काळातला अनुभव अधिक खरा असतो.

महारेराच्या, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक घालून मंजूर आराखडा, काम पूर्ण करण्याची जाहीर केलेली तारीख, दर तिमाहीची प्रगती आणि प्रलंबित दावे पाहता येतात. 1 ऑगस्ट 2023 पासून प्रत्येक जाहिरातीत क्यूआर कोड छापणे बंधनकारक आहे, त्यामुळे ही माहिती मोबाइलवरही उघडते. भोगवटापत्र, म्हणजे इमारत राहण्यायोग्य असल्याचा दाखला, मिळाल्याखेरीज ताबा स्वीकारू नये. ते नसताना राहायला गेल्यास नियमित नळजोडणीसाठी आणि पुढे घर विकतानाही अडचण येते.

प्रश्न : सदनिकेची किंमत 60 लाख रुपये सांगितली आहे. करारनामा करण्यापूर्वी 12 लाख रुपये भरा, नाहीतर हा दर मिळणार नाही, असा आग्रह आहे. शिवाय किमतीवर आणखी किती खर्च येईल? (एक वाचक, चिंचवड)

उत्तर : हा आग्रह बेकायदा आहे. रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्याच्या कलम 13 नुसार करारनाम्याची नोंदणी होण्यापूर्वी किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. आपल्या बाबतीत ही मर्यादा 6 लाख रुपये आहे. रक्कम धनादेशाने किंवा बँकेमार्फतच द्यावी आणि महारेराच्या नमुन्यातील वाटपपत्र (सदनिका आपल्यासाठी राखून ठेवल्याचे पत्र) त्याच दिवशी घ्यावे. त्या नमुन्यानुसार वाटपपत्रानंतर 15 दिवसांत आरक्षण रद्द केल्यास काहीही कापून घेता येत नाही आणि त्यानंतरची कपात टप्प्याटप्प्याने वाढत जाऊन जास्तीत जास्त 2 टक्के होते. ‘आजच ठरवा’ असा दबाव आला, तर हे कलम समोरच्याला शांतपणे वाचून दाखवावे.

वरचा खर्च असा येईल. बांधकाम सुरू असलेल्या घरावर 5 टक्के जीएसटी म्हणजे 3 लाख रुपये. पुण्यात आणि पिंपरी-चिंचवडमध्ये मुद्रांक शुल्क, स्थानिक अधिभार आणि मेट्रो अधिभार मिळून 7 टक्के म्हणजे 4 लाख 20 हजार रुपये. खरेदी केवळ महिलेच्या नावे असल्यास 1 टक्का सवलत मिळून ही रक्कम 3 लाख 60 हजारांवर येते. पती-पत्नींच्या संयुक्त नावे केल्यास मात्र ही सवलत मिळत नाही. नोंदणी शुल्क 30 हजार रुपये. भोगवटापत्र मिळालेले तयार घर घेतल्यास जीएसटी लागत नाही, ही बाब दर तोलताना विसरू नये. मुद्रांक शुल्क करारातील किंमत आणि रेडी रेकनरनुसार (शासनाने ठरवलेल्या दरांनुसार) येणारे मूल्य यांपैकी जे अधिक असेल त्यावर आकारले जाते, आणि एप्रिल 2025 पासून रेडी रेकनरचे दर वाढले असल्याने आपल्या सर्व्हे क्रमांकाचा चालू दर नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावा.

प्रश्न : आमची कोथरूडमधली 24 सदनिकांची इमारत चाळीस वर्षांची झाली आहे. पुनर्विकासासाठी दोन विकासक मागे लागले आहेत. जमीन अजून मूळ मालकाच्याच नावावर आहे. मी एकटी ज्येष्ठ नागरिक आहे आणि सही करण्याची भीती वाटते. (एक वाचक, पुणे)

उत्तर : आपली भीती रास्त आहे, आणि पहिले काम विकासक निवडण्याचे नाही. जमीन सोसायटीच्या नावावर होणे, म्हणजे अभिहस्तांतरण, हे पहिले काम आहे. ते झाले नसेल तर पुनर्विकासातून मिळणाऱ्या वाढीव बांधकामावर मूळ मालक किंवा त्याचे वारस दावा सांगू शकतात. मालक सहकार्य करत नसेल, तर सोसायटीने मानीव अभिहस्तांतरणासाठी, म्हणजे मालकाच्या सहीशिवाय होणाऱ्या हस्तांतरणासाठी, जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करावा. मोफा (महाराष्ट्र सदनिका मालकी) कायद्यात 2008 च्या दुरुस्तीने ही सोय स्पष्टपणे दिलेली आहे. यात काही महिने जातात, पण ते वाचवू नयेत.

त्यानंतरची पद्धत सहकार कायद्याच्या कलम 79अ खाली शासनाने 4 जुलै 2019 रोजी दिलेल्या निर्देशांत आहे. विशेष सर्वसाधारण सभेला एकूण सभासदांच्या दोन-तृतीयांश उपस्थितीची गणपूर्ती लागते आणि पुनर्विकासाच्या निर्णयास एकूण सभासदांपैकी किमान 51 टक्क्यांची संमती लागते. आपल्या सोसायटीत याचा अर्थ 16 सभासदांची उपस्थिती आणि 13 जणांची संमती. विकासक निवडण्याच्या सभेला उपनिबंधकांचा प्रतिनिधी हजर असतो आणि सभेचे चित्रीकरण केले जाते. स्वतंत्र वास्तुविशारद किंवा प्रकल्प सल्लागार सोसायटीने स्वतः नेमावा; विकासकाने सुचवलेला सल्लागार घेऊ नये.

कोथरूड, एरंडवणे, प्रभात रस्ता, सहकारनगर या भागांत सध्या जे प्रस्ताव फिरत आहेत त्यांत वाढीव जागेचे आकडे मोठे असतात. आम्ही आपल्याला त्या आकड्याआधी तीन गोष्टी पाहायला सांगू : वाढीव जागा कार्पेट एरियात (भिंतींच्या आतल्या वापराच्या क्षेत्रफळात) सांगितली आहे का, प्रकल्प खर्चाच्या 20 टक्क्यांची बँक हमी विकासक देणार आहे का, आणि काम लांबले तरी घरभाडे ताबा मिळेपर्यंत चालू राहील असे करारात लिहिले आहे का. घर रिकामे करण्यापूर्वी सोसायटीचा विकसन करारनामा नोंदवलेला असावा आणि आपल्या नव्या सदनिकेचा मजला, क्रमांक व क्षेत्रफळ दाखवणारा आपल्या नावाचा स्वतंत्र करारही नोंदवलेला असावा. कोऱ्या संमतिपत्रावर सही करू नये, मग ते आणणारा शेजारी कितीही विश्वासातला असला तरी. आपल्या वयाच्या सभासदांना वर्षे दोन वर्षे भाड्याच्या घरात काढावी लागतात, औषधपाणी सांभाळून दोनदा बिऱ्हाड हलवावे लागते. त्या काळासाठी त्याच परिसरात घर शोधून देण्याची अट सोसायटीने ज्येष्ठांसाठी आग्रहाने मांडावी. ती मागणी अवाजवी नाही.

प्रश्न : सिंहगड रस्त्यावर मुठा नदीजवळ जुनी सदनिका बाजारभावापेक्षा बरीच स्वस्त मिळत आहे. घ्यावी का? (एक वाचक, भोर)

उत्तर : आधी पूररेषा पाहावी. जलसंपदा विभाग नदीकाठी दोन रेषा आखतो : निळी रेषा साधारणपणे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामाला मनाई आहे. याचा अर्थ आपण घेऊ पाहत असलेली जुनी इमारत त्या रेषेच्या आत असल्यास तिचा पुनर्विकास होणे अवघड आहे, आणि किंमत कमी असण्याचे खरे कारण बहुधा तेच असेल. 25 जुलै 2024 रोजी अतिवृष्टी आणि खडकवासल्यातील विसर्ग यांमुळे सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत घरांमध्ये पाणी शिरले होते. आपल्या इमारतीत त्या दिवशी पाणी कुठपर्यंत आले, वीजमीटर कोणत्या उंचीवर आहेत आणि लिफ्ट किती दिवस बंद होती, हे तळमजल्यावरच्या रहिवाशांना विचारावे. महापालिकेच्या बांधकाम विभागाकडून झोन दाखला (जमीन कोणत्या वापराच्या विभागात आहे याचा दाखला) आणि पूररेषेसह नकाशा हाती येईपर्यंत इसार (आगाऊ रक्कम) देऊ नये.