हुगळीवरील डिनर क्रूझमध्ये निवृत्त फुटबॉल विजेत्यांना भेटण्यासाठी नागपूरहून जावे का?

कोलकात्यात हुगळीवर भारतीय फुटबॉलमधील निवृत्त विजेत्यांसोबत डिनर क्रूझ आहे, तिकीट महाग आहे, तेव्हा तेवढ्यासाठी नागपूरहून जावे का आणि गेल्यास त्यांच्याशी काय बोलावे, असे आपण विचारले आहे. अवश्य जावे, असे माझे मत आहे. मात्र फोटोसाठी न जाता एखाद्या ठरावीक सामन्याची हकीकत तो खेळलेल्या माणसाच्या तोंडून ऐकण्यासाठी जावे.

१९६२ साली जकार्ताच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताने अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून सुवर्णपदक जिंकले. त्या सामन्यात डोक्याला टाके पडलेले बचावपटू जर्नेल सिंग यांना प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी आघाडीला खेळवले आणि त्यांनी गोलही केला. हे आपण वाचू शकतो, पण त्या काळातील सामन्यांचे चित्रीकरण इतके थोडे आहे की बाकी सारे खेळाडूंच्या आठवणीतच उरले आहे. त्याच सामन्यात गोल करणारे पी. के. बॅनर्जी आणि कर्णधार चुनी गोस्वामी हे दोघेही २०२० साली काही आठवड्यांच्या अंतराने गेले. २०२३ मध्ये तुलसीदास बलरामही गेले. पुढच्या पिढीतील खेळाडू भेटत असतील, तर ती संधी पुढच्या वर्षावर टाकू नये.

मी अशा एका क्रूझला जाऊन आलो आहे. बोट धक्क्यावरून सुटली की पहिला अर्धा तास सेल्फीच्या रांगेतच जातो आणि ती रांग गोल करणाऱ्या प्रसिद्ध खेळाडूपुढे लागते, त्यामुळे त्या वेळेत निवांत बोलण्याची अपेक्षा ठेवू नये. मात्र रवींद्र सेतू, म्हणजेच हावडा ब्रिज, जवळ आला की सगळे मोबाइल घेऊन कठड्याकडे धावतात आणि टेबले रिकामी होतात. त्याच वेळी मी एका वृद्ध गोलरक्षकांसमोर जाऊन बसलो. त्यांच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटे कायमची वाकडी झालेली होती आणि सही करताना ते पेन तर्जनी व मधल्या बोटात धरत होते. पेनल्टीच्या वेळी उडी कोणत्या बाजूला घ्यायची हे कसे ठरवत होता, एवढेच मी विचारले. त्यावर त्यांनी खुर्ची मागे सारली, उभे राहिले आणि फटका मारणाऱ्याचा जमिनीवर टेकलेला पाय कोणत्या दिशेला वळतो, हे स्वतःच्या पायाने करून दाखवले. कामठीच्या मैदानांवर सामने पाहत वाढलेल्या मला इतकी वर्षे नजर कुठे ठेवायची हेच कोणी सांगितले नव्हते.

म्हणून जाण्यापूर्वी कोण येणार आहे ते पाहून एकेका सामन्याचा अभ्यास करावा. कोलकात्याच्या मोहन बागान क्लबचे सत्तरच्या दशकातील कोणी असतील, तर २४ सप्टेंबर १९७७ रोजी ईडन गार्डन्सवर पेले यांच्या न्यूयॉर्क कॉसमॉस संघाशी झालेल्या २-२ बरोबरीविषयी विचारावे. पेलेंना रोखण्याचे काम गौतम सरकार यांच्याकडे होते, तेव्हा बाकीच्यांनी मोकळी जागा कशी सांभाळली, हा प्रश्न कोणत्याही सहकाऱ्याला विचारता येईल. कोलकात्याच्याच ईस्ट बंगाल क्लबच्या, २००३ ची आसियान (आग्नेय आशियाई) क्लब स्पर्धा जिंकलेल्या संघातील कोणी भेटले, तर अंतिम सामन्यातील ३-१ या विजयाबद्दल ते बहुधा आपणहून बोलतीलच, परंतु इंडोनेशियाच्या पेट्रोकिमिया पुत्रा संघाविरुद्ध पेनल्टींवर सुटलेल्या उपांत्य सामन्याविषयी मुद्दाम विचारावे. ‘तेव्हा कसे वाटले’ हा प्रश्न त्यांना आयुष्यभर विचारला गेलेला असतो आणि त्याचे उत्तरही ठरून गेलेले असते, म्हणून तो टाळावा. आपले हिंदी तेथे पुरेसे आहे, आणि ‘दादा’ म्हणून बोलायला सुरुवात केली तर कोणालाही परके वाटत नाही.

प्रवासाची अडचण नाही. गीतांजली किंवा दुरांतो नागपूरहून थेट हावड्याला नेते. बोट उशिरा परतू शकते, म्हणून परतीचे आरक्षण दुसऱ्या दिवसाचे करावे. तिकिटाचे पैसे भरण्यापूर्वी आयोजकांना एक गोष्ट स्पष्ट विचारावी: खेळाडू आपल्यासोबत टेबलांवर जेवायला बसणार आहेत, की व्यासपीठावर सत्कार घेऊन वेगळ्या कक्षात जाणार आहेत? दुसरे उत्तर मिळाल्यास ते तिकीट घेऊ नये.