परदेशी मदतीने गरीब देशाची मासेमारी सांभाळायची क्षमता खरंच वाढते का, की पैसे वायाच जातात?

वाढते, पण पैसा कशावर गेला त्यावर सगळं आहे. मी पुण्यात, एरंडवण्यातल्या एका छोट्या ऑफिसात अशा प्रकल्पांचं मूल्यमापन करते, म्हणजे पैसा आला, संपला, मागे काय उरलं ते बघायचं काम, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी आपल्याच देशातलं बघा. १९५२ मध्ये भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रांचा करार झाला आणि केरळात कोल्लमजवळ नीण्डकराला इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प उभा राहिला. इंजिनाच्या बोटी आल्या, बर्फ आला, पुढे कोळंबी परदेशी जायला लागली आणि तिला असा काही भाव मिळाला की ज्यांनी कधी जाळं हातात धरलं नव्हतं असे पैसेवालेही ट्रॉलर, म्हणजे समुद्रात मोठं जाळं ओढत नेणाऱ्या बोटी, घ्यायला लागले. पण कुणी किनाऱ्यापासून किती अंतरावर जाळं टाकायचं हे ठरवणारा राज्याचा कायदा यायला १९८० उजाडलं, आणि पावसाळ्यातली ट्रॉलबंदी तर १९८८ पासून, तीही लहान मच्छीमार वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरल्यावर. मासे पकडायची ताकद आधी आली, तिला लगाम घालायची व्यवस्था तीसेक वर्षांनी. याचा सगळा दोष मी नॉर्वेला देणार नाही, तेव्हा सगळीकडेच समुद्र म्हणजे न संपणारा असंच धरून चालायचे, आणि याच नॉर्वेने पुढे १९७५ पासून एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना) साथीने संशोधन जहाज फिरवून कितीतरी गरीब देशांना त्यांच्या समुद्रात मासे किती आहेत ते मोजून दिलं. आइसलँडही १९९८ पासून अशा देशांतल्या अधिकाऱ्यांना बोलावून सहा महिन्यांचं ट्रेनिंग देतं. हे पैसे मला सत्कारणी लागलेले वाटतात.

पण ट्रेनिंग घेऊन माणूस घरी परतल्यावर पुढे काय? पश्चिम आफ्रिकेतल्या एका बंदरावर मी एका नोंदणी करणाऱ्या मुलाबरोबर उभी होते. होड्या लागल्या की त्यातल्या ठराविक निवडायच्या, टोपल्या मोजायच्या, थोडे मासे मापफळीवर ठेवून लांबी लिहायची, जाळ्याचा आस, म्हणजे एकेक भोक, केवढा, किती तास समुद्रात होतात हे विचारायचं, आणि हे सगळं मासळी घ्यायला आलेल्या बायका "आटप लवकर" म्हणून ओरडत असताना. कंटाळवाणं काम आहे, पण एकाच जातीची सरासरी लांबी दरवर्षी घटत गेली की मोठे मासे संपत चाललेत हे याच कागदावरून कळतं, दुसरीकडून सहसा कळत नाही. प्रकल्प संपला, त्याच्या मोटरसायकलचा पेट्रोल भत्ता बंद झाला, सरकारच्या बजेटमध्ये त्याच्या पगाराची तरतूदच नव्हती. भरलेले फॉर्म कपाटात पडून होते, कॉम्प्युटरवर कुणी चढवलेच नव्हते. मला या गोष्टीचा अजून राग येतो, कारण अशी नोंद मध्येच तुटली की आधीच्या वर्षांचं मोलही निम्मं होतं.

आणि हे फक्त तिकडचं नाही. महाराष्ट्राने २०२३ मध्ये पापलेट किमान १३५ मिलिमीटर असल्याशिवाय पकडायचं नाही असं ठरवलं, चांगलंच केलं, पण पट्टी घेऊन जेटीवर रोज उभं राहणारं माणूस नसेल तर तळहाताएवढी पापलेटं इथे पुण्यापर्यंत येत राहणार.

जमलेलं उदाहरण पॅसिफिकचं. तिथल्या आठ छोट्या देशांनी एकत्र येऊन टूना पकडणाऱ्या परदेशी जहाजांना दिवसाच्या हिशोबाने परवाने विकायला सुरुवात केली, आणि पुढे किमान दर एका दिवसाला ८००० डॉलरवर नेला. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडचा पैसा त्यांच्या सामाईक मासेमारी संस्थेला, गस्तीला, ट्रेनिंगला वर्षानुवर्षं मिळत आला, आणि २०१० पासून पर्ससीन जहाजांवर (माशांच्या थव्याभोवती जाळ्याचा वेढा टाकून तो खालून आवळणारी जहाजं) निरीक्षक सक्तीचा झाला. पण मुख्य म्हणजे परवान्याचं उत्पन्न त्या देशांच्या स्वतःच्या तिजोरीत येतं, म्हणजे मदत आटली तरी माणसं कामावर ठेवता येतात.

म्हणून कुठल्याही प्रकल्पाचा कागद हातात आला की मी आधी बोटी, इमारती, गाड्यांची पानं उलटून पुढे जाते आणि बघते की मोजणाऱ्या माणसाचा पगार पाचव्या वर्षानंतर कोण देणार ते लिहिलंय का. तुम्ही एखादा विशिष्ट देश मनात धरून विचारलं असेल तर कमेंटमध्ये सांगा, त्याबद्दल जे माहीत असेल ते लिहीन.