1877 चा अमेरिकन सेंट पणजोबांच्या डब्यात सापडला आहे. तो खरंच लाखो रुपयांचा असतो का?

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तो थांबू शकत नाही. "चिंचेने घासून मग फोटो काढू का?" नाही. कृपा करून घासू नका. देव्हाऱ्यातला तांब्या उजळतात तसं नाणं उजळलं की त्याची निम्मी किंमत तिथेच जाते, आणि ती पुन्हा येत नाही. चिंच, लिंबू, पितांबरी, टूथपेस्ट, यातलं काहीही नको. हिरवट कळंक दिसत असेल तर तोही नखाने खरवडू नका.

पणजोबा बोटीवर नोकरीला होते आणि नाणं रत्नागिरीच्या घरात पत्र्याच्या डब्यात होतं, असं तुम्ही लिहिलं आहे. पिसांचा टोप घातलेला चेहरा असेल, तर त्याला इथे अमेरिकेत 'इंडियन हेड सेंट' म्हणतात. त्या 'इंडियन'चा आपल्या देशाशी काही संबंध नाही. ती स्वातंत्र्यदेवता आहे, तिथल्या मूळ रहिवाशांचा टोप घातलेली. टांकसाळीचे मुख्य कोरक्ये जेम्स बार्टन लाँगेकर यांनी ते चित्र केलं, आणि 1859 ते 1909 पर्यंत ते सेंटवर राहिलं. 1864 पासून हे नाणं ब्राँझचं झालं: 95 टक्के तांबं, उरलेलं कथील आणि जस्त.

आता 1877 लाच एवढं महत्त्व का? 1876 साली असे सुमारे 79 लाख सेंट पाडले गेले, 1879 साली 1 कोटी 62 लाख. मधल्या 1877 साली फक्त 8,52,500. 1873 च्या आर्थिक संकटानंतर व्यापार मंदावला होता. शिवाय 1871 च्या कायद्यामुळे लोक साठलेली सुटी नाणी सरकारकडे परत करत होते, आणि सरकार तीच पुन्हा बाजारात सोडत होतं. नवी पाडण्याची गरजच कमी झाली.

पण फक्त आकड्यावर जाऊ नका. 1909 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीत याच चित्राचे अवघे 3,09,000 सेंट पाडले गेले, तरी 1877 चा सेंट त्याच्याहून महाग आहे. 1909 ला चित्र बदलतंय हे लोकांना कळलं आणि अनेकांनी नाणी बाजूला ठेवली. 1877 ला कोणालाच काही वाटलं नाही. ती नाणी गल्ल्यातून खिशात, खिशातून गल्ल्यात फिरत पुढची कित्येक वर्षं झिजत राहिली. म्हणून न झिजलेला 1877 मिळणं फार अवघड आहे, आणि मला या नाण्याची ओढ आहे ती त्यामुळेच.

भाव आहे म्हटल्यावर बनावटही आहेच. पंधरा वर्षांपूर्वी पेनसिल्व्हेनियातल्या एका नाणेप्रदर्शनात मी 350 डॉलरला एक 1877 घेतला. तपासणीसाठी पाठवला आणि 'साल बदललेलं' असा शेरा लागून परत आला. कोणीतरी 1879 च्या शेवटच्या आकड्याचा सात केला होता. पैसे गेले याचं दुःख झालंच, पण जास्त वाईट याचं वाटलं की खूण मागच्या बाजूला उघड दिसत होती आणि मी पाहिली नव्हती.

ती खूण तुम्हीही पाहा. मागच्या बाजूला पानांच्या वेलीत 'वन सेंट' लिहिलेलं असतं. त्यातल्या 'वन'च्या मधल्या इंग्रजी अक्षराकडे, एनकडे, भिंगातून बघा. चलनासाठी पाडलेल्या खऱ्या 1877 वर त्याची तिरपी रेघ दोन्ही उभ्या रेघांपेक्षा दबलेली, उथळ असते. तिन्ही रेघा सारख्याच ठसठशीत असतील, तर नाणं बहुधा दुसऱ्या सालचं आहे. उलटं मात्र धरू नका. आधीच्या काही वर्षांच्या नाण्यांवरही उथळ एन आहे, म्हणजे ही खूण खोटं पकडते, खऱ्याची खात्री देत नाही. वजन 3.11 ग्रॅमच्या आसपास (झिजलं असेल तर किंचित कमी) आणि व्यास 19 मिलिमीटर हवा. सोनाराच्या काट्यावर तोलून घ्या, पण कसोटीवर घासू देऊ नका.

दर्जा 1 ते 70 या पट्टीवर ठरतो. या नाण्यात पहिली नजर जाते ती टोपाच्या पट्टीवरच्या 'लिबर्टी' शब्दावर. सातपैकी तीनेक अक्षरं वाचता आली तर 8 च्या आसपास, सगळी लागली तर 12, स्वच्छ ठळक असतील तर 20. 60 च्या पुढची नाणी चलनात न फिरलेली. तिथे रंगही मोजतात: तपकिरी, लाल-तपकिरी, आणि मूळ लाली टिकलेला लाल. शंभर वर्षं कोकणच्या खाऱ्या, दमट हवेत राहिलेला तांब्याचा तुकडा लाल असेल अशी आशा मी तुम्हाला दाखवणार नाही.

भाव ढोबळ सांगतो. झिजलेला, पण खरा आणि न घासलेला 1877 साधारण 500 ते 1,000 डॉलरला जातो. न फिरलेला तपकिरी काही हजारांना, आणि उत्तम लाल 10,000 डॉलरच्या पुढे. तुम्ही पाहिलेले लाखो रुपयांचे आकडे या न फिरलेल्या नाण्यांचे, झिजलेल्यांचे नाहीत. घासलेला किंवा कळकलेला असेल तर त्याच दर्जाच्या निम्मा, कधी त्याहून कमी. लिलावाच्या आकड्यांबद्दल एक लक्षात ठेवा. छापून येते ती रक्कम खरेदीदाराकडून घेतलेल्या अधिभारासकट असते. बोली 1,000 ला थांबली आणि अधिभार 20 टक्के असेल, तर यादीत 1,200 दिसतात. विकणाऱ्याच्या हातात बोलीतून लिलावगृहाची दलाली वजा होऊन उरतं तेवढंच.

नाणं भारतात आहे, म्हणून हेही सांगायलाच हवं. 1972 च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांहून जुनं कोणतंही नाणं 'पुरावशेष' ठरतं, आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. पाकिटात घालून अमेरिकेत तपासणीला पाठवा असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या जवळच्या कार्यालयात विचारा. देशातच विकायचं ठरलं तरी एकाच व्यापाऱ्याच्या शब्दावर देऊ नका, दोघातिघांना दाखवा.

तोवर नाणं कडेने धरा, कोरड्या कागदी पाकिटात ठेवा. मऊ प्लास्टिकच्या पिशवीने तांबं खराब होतं. खिडकीतल्या उजेडात दोन्ही बाजूंचे फोटो काढा, 'वन'मधल्या एनचा एक अगदी जवळून, आणि इथे टाका. मी बघून सांगतो.