धोरणाच्या कामात शिरण्यापूर्वी
सामुदायिक मानसशास्त्राचे, म्हणजे माणसाच्या अडचणी त्याच्या सामाजिक परिस्थितीसह समजून घेणाऱ्या शाखेचे, शिक्षण घेतलेल्यांसाठी धोरणक्षेत्रात त्या नावाचे पद क्वचितच असते. म्हणून जाहिरातींत मूल्यमापन, कार्यक्रम-आखणी, लोकसहभाग हे शब्द शोधावेत. १९६५ साली अमेरिकेतील स्वॅम्पस्कॉट येथील परिषदेत ही शाखा आकाराला आली ती व्यक्तीपेक्षा परिस्थितीकडे पाहण्याच्या आग्रहातून, आणि शासकीय टिपणीतही नेमके तेच मांडावे लागते. उदाहरणार्थ, महाराष्ट्रात ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घ्यावी लागते. तिच्या इतिवृत्तातील सह्या मोजून थांबू नका, तर सभा नेमकी नळाला पाणी येण्याच्या वेळीच ठेवली आहे का आणि कोण दाराशीच उभे राहते, हे तिथे बसून पाहा. माझा पहिला अहवाल चाळीस पानांचा होता व तो कोणी उघडलाही नाही (चूक माझीच). दुसरा दोन पानांत, खर्चाच्या आकड्यासह दिला, तेव्हा कक्ष अधिकाऱ्यांनी स्वतःहून फोन केला.